कमिशनवरचा बिबट्या

“आता कसं हाय लेकीचं? मानंवरचं भरलं का समदं?” चिमाबाईंनी चहाची कपबशी पुढं ठेवत विचारलं, आणि महंमद हनीफच्या हातातली मोजपट्टी सर्रकन डबीत ओढली गेली.

पट्टीचं पातं बोटाला घासलं. जाळी बसवायची ती पडवी साडेअकरा फूट होती की बारा, हे डोक्यातून साफ पुसलं गेलं. त्यानं वर पाहिलं. डिंगोऱ्यात तो आयुष्यात दुसऱ्यांदा येत होता आणि या घरी तर पहिल्यांदाच. डोक्यावरचा पदर सारखा करत त्याच्याकडं मायेनं बघणाऱ्या या साठीच्या बाईनं त्याच्या जास्मिनला कधी पाहिलेलं नव्हतं. जास्मिनच्या डाव्या कानाखाली बोटभर लांबीचा व्रण आहे, हे तिला ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं. जुन्नरला त्याच्या गल्लीत ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण तिथं विचारून विचारून लोक कधीच थकले होते. नऊ वर्षांत तो व्रण मुलीच्या नाकाडोळ्यांसारखाच तिचा होऊन गेला होता. ‘कुणाच्या लेकीचं म्हणता?’ एवढंच विचारायचं होतं. तेवढा वेळही होता. चहावर साय धरायला लागली होती.

“बरं आहे,” तो म्हणाला.

आणि तो शब्द तोंडातून गेल्यावर त्याला जाणवलं, की आपण कशात तरी पाऊल टाकलं आहे. कशात, ते अजून कळत नव्हतं. चिमाबाई उंबऱ्यावर बसल्या. “अमृतभाऊंनी सांगितलं तवा माज्या अंगावर काटाच आला बगा. घास गिळंना मला.” त्यांचे यजमान कुंडलिकराव खांबाला टेकून बसले होते, त्यांनी मान हलवली. हनीफ त्यांना थांबवू शकत होता. त्याऐवजी त्यानं चहा बशीत ओतला आणि विचारलं, “काय सांगितलं अमृतनं?” आवाज सहज ठेवला होता. चिमाबाई सांगू लागल्या. दिवस मावळतीला गेलेला. पोर बापाला चहाला बोलवायला वर्कशॉपच्या मागं आली. भिंतीवरनं बिबट्यानं झडप घातली ती मानंलाच. अन बापानं भट्टीतली तापलेली सळई उचलली, आरडाओरडा न करता सरळ अंगावर धावून गेला, तवा त्यानं पोर टाकली अन उसात पळाला. “अल्लानंच हात दिला भाऊ तुमाला,” चिमाबाई म्हणाल्या. “दुसरा बाप असता तर जागच्या जागी थिजला असता.” हनीफच्या वर्कशॉपात भट्टी नव्हती. मागं ऊस नव्हता, मागं नगरपालिकेची गटार होती आणि तिच्यापलीकडं संपतचं सायकलचं दुकान. पण चहा पिताना त्याला ती सळई हातात जाणवली. तिचा दुसऱ्या टोकाला विझत जाणारा लाल रंग दिसला. तो बाप त्याला आवडला. आपल्याच नावाचा, आपल्याच वयाचा, धावणारा माणूस. पडवी साडेअकराच होती. त्यानं पुन्हा मोजली आणि वहीत मांडली.

परतीच्या वाटेवर ओतूरपर्यंत टेम्पो तिसऱ्याच गियरमध्ये चालवत राहिला हे त्याच्या लक्षात आलं नाही. अमृत. जाळ्या विकायला त्याला घेतलं तो दिवस मार्चमधला होता, पंख्याचा वारासुद्धा गरम. त्याच्या आधीची दोन वर्षं वाईट गेली होती. चाकणकडून तयार खिडक्या, तयार गेटं यायला लागली होती, गुळगुळीत, रंगवलेली, आणि हनीफच्या हाताची जाळी पाहायला कुणी थांबत नव्हतं. मग गावोगाव बिबट्यांचा वावर वाढला, आणि लोक पडव्यांना जाळ्या मागू लागले. जास्मिन तेव्हा अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. सुट्टीत घरी आली आणि तिनं वर्कशॉपच्या फरशीवर खडूनं रेघा मारून त्याला दाखवलं: तुकड्यांत बनवायची, बोल्टांनी जोडायची, कुठल्याही पडवीला एका दिवसात बसेल अशी जाळी. बनवायला सोपी होती. विकणार कोण? हनीफला लोखंडाशी बोलता येई, माणसांशी नाही. गिऱ्हाईक समोर आलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटे. “पगारी माणूस परवडत नाही ना अब्बा, मग कमिशनवर घ्या,” जास्मिन म्हणाली होती. “विकलं तर हिस्सा. नाही विकलं तर आपलं काय गेलं?” तिनं मोबाईलवर जाहिरात लिहिली, गावोगावच्या ग्रुपांवर टाकली. ‘स्वतंत्र विक्री प्रतिनिधी पाहिजेत.’ हा शब्द वाचून खातूनला, म्हणजे तिच्या आईला, हसू आलं होतं. म्हणाली, इतका मोठा शब्द आणि पगार नाही?

तिघं आले. पहिल्यानं पेट्रोलचं विचारलं आणि पाणी पिऊन गेला. दुसरे हौशीराम, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. ते महिनाभर फिरले, एकच जाळी विकली, तीही स्वतःच्या मेहुण्याला, आणि नमुन्याचे फोटो परत करायला आले. “ही वस्तू लोकास्नी भ्या घातल्याबिगर खपायची न्हाई राव,” ते म्हणाले. “अन ते काय मला जमत न्हाई.” हनीफ तेव्हा हसला होता. तिसरा अमृत, शिनोलीचा, चाळिशीचा, धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या मोटरसायकलवर. यानं पाणी शुद्ध करायची मशिनं विकली होती, भाताचं बियाणं विकलं होतं, गुडघ्याचं तेल विकलं होतं. त्यानं पगाराचा विषयच काढला नाही. जास्मिननं टाईप करून आणलेला करार तिनंच वाचून दाखवला, शाळेत धडा वाचावा तसा ठासून: प्रतिनिधी हा स्वतंत्र असून कारखान्याचा नोकर नाही, त्याच्या वेळा, फिरण्याची पद्धत व बोलणे यांवर कारखान्याचे बंधन राहणार नाही, तसेच त्याच्या बोलण्याची जबाबदारी कारखान्यावर राहणार नाही. सही कुठं करायची ते दाखवायला ती वाकली आणि तिची ओढणी खांद्यावरून घसरली. “ह्ये काय झालं गं पोरी?” अमृतनं विचारलं. हनीफ एकदम उठून पंख्याचं बटण बघायला गेला. मागून त्याला जास्मिनचा आवाज ऐकू आला. “लहानपणी लागलं.” एवढंच. अमृतनं सही केली.

डिंगोऱ्याहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी अमृत पैशाच्या कामाला आला तेव्हा हनीफनं त्याला बसायला सांगितलं नाही. बोलायचं काय ते त्यानं सकाळपासून तीनदा मनात म्हणून पाहिलं होतं.

“अमृतराव, माझ्या मुलीला बिबट्यानं धरलं असं सांगत फिरता तुम्ही?”

अमृतनं टॉवेलानं मान पुसली. तो दचकला नाही, याचंच हनीफला जास्त वाटलं. “मी कुटं म्हणलं शेठ? घोडेगावाच्या अलीकडं एकानं इचारलं, तुमच्या शेटला ह्यो धंदा कसा सुचला. मी म्हणलं, त्यांच्या लेकीच्या मानंवर वळ हाय. बास. फुडचं त्यांचं त्यांनीच लावलं. मी फकस्त न्हाई म्हणलो न्हाई.”

“आणि तापलेली सळई?”

“ती नंतर आली.” अमृत थोडा हसला. “मला बी दुसऱ्या गावात ऐकायला गावली.”

‘मी फक्त नाही म्हणालो नाही.’ हनीफला बसावंसं वाटलं. डिंगोऱ्याच्या पडवीत त्यानं तरी दुसरं काय केलं होतं? रागावायला तयार केलेले शब्द तोंडात होते आणि त्यांना जायला वाट नव्हती. “बंद करा हे,” तो म्हणाला, पण खाली बघून म्हणाला.

“करतो की. पर शेठ, पगारी असतो तर तुमी म्हणाल तेच बोललो असतो. पगार कसा असतो ते मला ठावं न्हाई. पंधरा वरसं झाली, मी माज्या तोंडावर जगतोय. लोकाच्या दारात हुबं ऱ्हायचं, कुत्रं अंगावर येतं, बाई आतनंच नको म्हणती. तिला दार उघडायला काय तरी लागतं.” त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर जाळी मागणाऱ्या पुढच्या घरांची नावं होती. “आन मी नसलो सांगत तरी आता कोण थांबणार हाय?”

हनीफनं कागद घेतला. हात पुढं गेला होता. पुढं कित्येक दिवस त्याला तो स्वतःचा हात दिसत राहिला, कागद घ्यायला गेलेला, काळा, नखं तुटलेला.

खरा दिवस रविवारचा होता. शाळेला सुट्टी म्हणून अकरा वर्षांची जास्मिन वर्कशॉपात आली होती आणि दाराशी पोत्यावर बसून एकटीच काहीबाही खेळत होती. लग्नघरचं गेट दुपारपर्यंत द्यायचं होतं. ग्राइंडर हातात, डिस्क फिरते आहे, आणि फुटताना आवाज झाला तो काचेची बांगडी वाढवावी तेवढाच. त्यानं मान वळवली. पोरीनं हात मानेला लावला होता आणि बोटांमधून ते येत होतं, आणि ती त्याच्याकडं बघत होती. रडत नव्हती, बघत होती, जणू आता काय करायचं हे अब्बा सांगतील. तो उभा होता. ग्राइंडर हातात फिरत होता, त्यानं बटणही सोडलं नव्हतं. किती वेळ, ते त्याला आजही ठाऊक नाही. पलीकडच्या दुकानातून संपत धावत आला, पोरीला उचललं त्यानं, रिक्षा थांबवली त्यानं. आणि संपतच्या सदऱ्याचा रंग बदलत गेलेला बघत हनीफ मागून चालत राहिला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं. “डिस्क फुटली,” तो म्हणाला. हे खरं होतं. डिस्क फुटते, सगळ्यांच्या फुटतात. टाके पडत असताना खातूननं त्याला घरून चादर आणायला पाठवलं. तो घराकडं जाताना आधी वर्कशॉपात गेला. ग्राइंडरवरचं लोखंडी गार्ड, चाकावर अर्ध्या टोपीसारखं बसतं ते, त्यानं सकाळीच काढून खाली ठेवलं होतं. गार्ड असतं तर तुकडा त्याच्यातच आपटून राहिला असता. त्यानं पाना घेतला, गार्ड जागेवर बसवलं, स्क्रू आवळला, हलवून पाहिलं. मग घरी जाऊन चादर घेतली. हे त्याच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून जास्मिनच्या मानेला त्यानं हात लावलेला नव्हता. ईदच्या दिवशी तिला जवळ घेताना तो उजव्या बाजूनं घेई.

आणि आता गावोगाव एक बिबट्या हे सगळं आपल्या अंगावर घेऊन फिरत होता. हनीफ मोजायला जाई तिथं तो त्याच्या आधी पोचलेला असे. कुठं विहिरीवर, कुठं अंगणात, एका गावात तर पोर आईच्या कडेवर असताना. कुठं सळई, कुठं कोयता, कुठं नुसते हात. म्हातारे त्याचे हात बघायला मागत. त्यावर जुन्या वेल्डिंगच्या ठिणग्यांचे डाग होते. लोक ते बघून एकमेकांकडं बघत. तो बोलत काहीच नसे. मान खाली घालून मोजपट्टी ओढे, आणि त्याचं ते न बोलणंच लोकांना सगळ्यात जास्त पटे. एखाद्या घरी कुणी काही विचारलंच नाही तर त्याला चुकल्यासारखं व्हायचं. पट्टी गुंडाळायला तो उगाच वेळ लावायचा. एकदा असा थांबला असताना त्याच्या ध्यानात आलं की आपण कशाची वाट बघतो आहोत, आणि टेम्पोच्या आडोशाला जाऊन त्यानं तोंडावर पाणी मारलं. काम वाढत होतं. तयार जाळ्यांचे तुकडे भिंतींना टेकवून ठेवता ठेवता वर्कशॉपात चालायची जागा कमी होत गेली. दारापासून मशीनपर्यंत आता आडवं होऊन जावं लागे, आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात सगळ्या गजांच्या सावल्या त्याच्या अंगावरून जात.

मग अमृतनं सुचवलं की शेठच्या घराला जाळी नाही हे बरं दिसत नाही. लोक जुन्नरला बाजाराला आले की घर बघून जातात. “अपनी गली में शेर आनेवाला है क्या?” खातूननं विचारलं. हनीफनं तिला काही सांगितलं नाही. ओट्यावर जाळी बसली. आतल्या खोलीत दिवसा दिवा लावावा लागू लागला. शेजारणी ओट्यावर येऊन बसत त्या येईनाशा झाल्या, कारण उठून दार उघडायला जावं लागे, कडी काढावी लागे. कुणी कुणाला तेवढं कशाला करायला लावेल? खातून जाळीतून बोट बाहेर काढून भाजीवाल्याला मेथीची जुडी दाखवी. बाजाराच्या रविवारी दोन-तीन अनोळखी माणसं गल्लीत उभी राहून घराकडं बघत, हळू आवाजात बोलत. हनीफ आत बसून त्यांच्या चपला बघायचा. बाहेर जावं तर ते बोलतील. न जावं तर ते बघत राहतील.

असाच एक रविवार होता, तेव्हा जास्मिन आली. पाठीवरची बॅग न उतरवता तिनं जाळीच्या एका बोल्टवर बोट फिरवलं. हे तिनंच काढलेलं चित्र होतं, तिच्या मापाचं. “अब्बा, हे कशाला?” घरात ते सगळे आपली घरची दखनी बोलत, पण काही गंभीर असलं की जास्मिन मराठीत बोले, शाळेच्या भाषेत, आणि ती आता मराठीत बोलत होती. खातून आत पोळ्या करत होती.

“लोकांना नमुना बघायला,” तो म्हणाला.

ती त्याच्यासमोर बसली. “आमच्या वर्गात आरती म्हणून एक मुलगी आहे. डिंगोऱ्याची. तिच्या आजीकडं आपली जाळी बसलीय. परवा वर्कशॉपच्या तासाला ती माझ्याजवळ आली आणि सगळ्यांसमोर विचारलं, बिबट्यानं धरलं तेव्हा तुला शुद्ध होती का?”

हनीफच्या कानात एक बारीक शिट्टी वाजायला लागली. “मग?”

“मी हो म्हणाले.”

पोळीचा वास आतून येत होता. गल्लीतून कुणाची तरी सायकल गेली.

“हो म्हणालीस?”

“मग काय म्हणणार होते? समोर ग्राइंडरच होता, अब्बा. सर नुकतंच सांगून गेले होते, गार्डशिवाय मशीन चालवणाऱ्याला मी वर्गाबाहेर काढीन. सगळी मुलं माझ्याकडं बघत होती. मी खरं सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मशीन कुणाच्या हातात होतं?” ती बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळत होती. “गार्डवर मी मांजर काढलं होतं त्या दिवशी. खडूनं. ते खाली पडलं होतं ना, माझ्याजवळच. मिशा काढायच्या राहिल्या होत्या. दवाखान्यातून आल्यावर मी बघायला गेले, तर गार्ड मशीनवर बसलेलं होतं. मांजरासकट.”

नऊ वर्षं. नऊ वर्षं ती रोज त्याच्या हातचं पाणी प्यायली होती, परीक्षेला जाताना त्याला सलाम करून गेली होती, आणि तिला ठाऊक होतं. त्यानं स्वतःभोवती जी भिंत बांधली होती तिच्या आतच ती पहिल्यापासून बसलेली होती, गप्प, पोत्यावर बसली होती तशी. काहीतरी बोलायला हवं होतं. वाक्य तयार होतं, फार लहान होतं, चार शब्दांचं. त्याच्या ओठांना ते लागलंही. तेवढ्यात खातून ताट घेऊन बाहेर आली आणि त्यानं ताट घ्यायला हात पुढं केले. जास्मिन दुपारच्या गाडीनं परत गेली. बसच्या खिडकीतून तिनं हात हलवला नाही, आणि हलवला नाही असंही म्हणता येणार नाही, गर्दी होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं अमृतला सांगितलं, उद्यापासून नको. अमृतनं वाद घातला नाही. “मी तुमचा नोकर न्हाईच,” तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. नमुन्याचे फोटो त्यानं नीट रबर लावून परत दिले. आठवडाभरात कळलं, की तो नारायणगावच्या एका फॅब्रिकेशनवाल्याच्या जाळ्या घेऊन त्याच वाटांनी फिरतो आहे, आणि सांगतोही तेच. फक्त जुन्नरच्या एका मुसलमान लोहाराची पोर, असं म्हणतो.

हनीफ टेम्पो काढून डिंगोऱ्याला गेला. का जातो आहे ते त्यानं स्वतःला नीट विचारलं नाही. चिमाबाईंची पडवी आता जाळीआड होती, आणि आत दोघं नवराबायको मक्याची कणसं सोलत बसली होती. भर दुपारी आतून कुलूप. कुंडलिकरावांनी कनवटीची किल्ली काढून दार उघडलं, त्याला आत घेतलं आणि पुन्हा कुलूप घातलं. शेळ्या विकून टाकल्या, त्यांनी सांगितलं. चरायला न्यायची म्हणजे जीव टांगणीला. पूर्वी सकाळी देवळापर्यंत जायचे, तेही बंद केलं. “जाळीमुळं लई आधार झाला बगा,” चिमाबाई म्हणाल्या. हनीफ घोंगडीवर बसला. गजांच्या पलीकडं अंगण होतं, मोकळं, स्वच्छ झाडलेलं, आणि त्यात कुणी नव्हतं.

“चिमाबाई, माझ्या मुलीला बिबट्यानं धरलं नव्हतं,” तो म्हणाला. किती सोपं गेलं ते! त्याचं त्यालाच नवल वाटलं. “मशीनची डिस्क फुटून लागलं. मशीन माझ्या हातात होतं. त्याचं गार्ड मीच काढलं होतं. मी धावलो नाही की काही नाही. तिला दुसऱ्यानं उचललं. चूक माझी होती. अमृतनं सांगितलं ते खोटं, आणि मी नाही म्हणालो नाही, ते त्याहून खोटं. तुम्ही देवळात जात चला.”

चिमाबाईंचे हात कणसावर थांबले. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ती दया होती.

“भाऊ,” त्या हळूच म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या. आमच्या धाकट्या दिराचं पोरगं हिरीत गेलं, तवा तो बी असंच म्हणायचा. मीच ढकललं, मीच ढकललं. बापाच्या जिवाला तसं वाटतं.” त्यांनी पाण्याचा तांब्या त्याच्याकडं सरकवला. “पोर वाचली न्हवं? मग कशापायी सोताला दोस देता?”

तो आणखी बोलला. स्क्रू, पाना, चादर, सगळं सांगितलं. जितकं सांगावं तितकं ते खोटं होत गेलं. त्याच्या कानालाच ते एखाद्या दुःखानं भ्रमलेल्या माणसाच्या बरळण्यासारखं येऊ लागलं. कुंडलिकराव दर वाक्याला मान हलवत होते, अगदी पहिल्या दिवशी हलवली होती तशीच. शेवटी तो उठला. कुलूप उघडेपर्यंत त्याला गजाला धरून थांबावं लागलं. वेल्डिंगचा सांधा त्याच्या बोटाला लागला, चांगला भरलेला, त्याच्याच हातचा. या जगात ही गोष्ट खरी मानणारं एकच माणूस होतं. आणि तिलाच त्यानं ती सांगितलेली नव्हती.

मंचरवरून तो अवसरी खुर्दला पोचला तेव्हा दुसरा दिवस होता आणि कॉलेजची जेवणाची सुट्टी. गेटसमोर वडापावच्या गाडीभोवती मुलं होती. फोन केल्यावर जास्मिन बाहेर आली, तिच्याबरोबर चष्मा लावलेली एक ठेंगणी मुलगी. “ही आरती,” जास्मिन म्हणाली. “हे माझे अब्बा.” आरतीनं पटकन वाकून त्याच्या पायांना हात लावला. तो मागं सरकला.

“बाळ, बिबट्या नव्हता,” तो म्हणाला. “मशीननं लागलं तिला. माझ्या हातून.”

आरतीनं आधी जास्मिनकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. “आजीचा फोन आला होता, काका,” ती अगदी हळुवारपणे म्हणाली. “ती म्हणाली, तुम्ही असं म्हणाल. मी नाही काही विचारणार.” आणि मोठ्या माणसांना मोकळीक द्यावी तशी ती बाजूला झाली, गेटच्या आत जाऊन उभी राहिली.

जास्मिनच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं की दुसरं काही, ते त्याला ओळखता येईना. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला. तो जाईपर्यंत दोघंही थांबली.

“गार्ड मी काढलं होतं,” तो म्हणाला. त्याच्या तोंडून मराठीच आली.

“का?”

हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. त्यानंही विचारला नव्हता. “गेटाच्या कोपऱ्यात मशीन जाईना. गार्ड अडकत होतं. दुपारी गेट द्यायचं होतं. काम लवकर व्हावं म्हणून.”

“एवढंच?”

तो शोधत राहिला. खरंच शोधलं त्यानं; आणखी काही सापडलं असतं तर बरं झालं असतं, एखादी गरज, एखादं संकट, तिच्या पुढं ठेवता येईल असं काहीतरी. त्या सकाळी घरात सगळं ठीक होतं. त्यानं पोटभर नाष्टा केला होता.

“एवढंच,” तो म्हणाला.

जास्मिननं मान डोलावली. कानाखालचा व्रण उन्हात पांढरा दिसत होता, इतक्या जवळून त्यानं तो आजच पाहिला. “मला वाटायचं, काहीतरी मोठं असेल,” ती म्हणाली.

मग तिनं घड्याळ बघितलं, मंचरची गाडी कुठं मिळते ते सांगितलं, अम्मीला फोन करते म्हणाली आणि गळ्यातलं ओळखपत्र सरळ करत गेटमधून आत गेली. आरती तिच्यासाठी थांबली होती. दोघी चालू लागल्या. थोडं पुढं गेल्यावर आरतीनं एकदा वळून त्याच्याकडं पाहिलं, बिबट्याच्या तोंडातून लेक ओढून आणलेल्या माणसाकडं पाहावं तसं. आणि तिची नजर त्याच्यावर होती तेवढा वेळ हनीफ पाठ ताठ करून उभा राहिला.